कलम ७४ चा आदेश आणि ‘कर बुडवण्याचा हेतू’: व्यापाऱ्याने जीएसटी अपील कसे लढवावे

जीएसटीच्या आदेशावर कलम ७४ असेल तर अधिकाऱ्याने दोन गोष्टी ठरवलेल्या असतात. कर कमी भरला, ही पहिली. तो मुद्दाम, बुडवण्याच्या हेतूने कमी भरला, ही दुसरी. अपिले वाचली तर दिसते की पहिल्या गोष्टीवर तीस पाने खर्ची पडतात आणि दुसरीवर एक ओळ येते: ‘अपिलार्थीचा तसा कोणताही हेतू नव्हता.’ ही एक ओळ व्यापाऱ्याला फार महाग पडते, कारण दंड, कारवाईची मुदत आणि जुन्या वर्षांची व्याजमाफी ही तिन्ही दुसऱ्या गोष्टीला बांधलेली आहेत.

पुढचे सगळे २०२३-२४ पर्यंतच्या आर्थिक वर्षांसाठी आहे. २०२४-२५ पासून कलम ७४अ लागू झाले. त्यात हेतू असो वा नसो, नोटिशीची मुदत एकच आहे: वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ४२ महिने. त्यामुळे मुदतीचा बचाव तिथे बोथट झाला. दंडाचा फरक मात्र टिकून आहे. हेतू नसेल तर १० टक्के किंवा १०,००० रुपये, यातले जे जास्त ते. हेतू सिद्ध झाला तर कराइतकाच. व्हॅटच्या जुन्या आदेशांवरची दुसरी अपिले महाराष्ट्र विक्रीकर न्यायाधिकरणापुढे चालतात. त्यांचे फॉर्म आणि मुदती वेगळ्या आहेत, पुराव्याचा विचार बराचसा हाच.

आदेश मिळाल्यावरचे पहिले तीस दिवस

आधी तारीख पक्की करा. अपिलाची मुदत आदेश तुम्हाला कळवला गेल्यापासून मोजतात. आदेश पोर्टलवर चढवणे ही कायद्याने मान्य असलेली बजावणी आहे, आणि तो नेहमीच्या नोटिशींच्या रकान्यात न दिसता ‘अ‍ॅडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स’मध्ये पडून राहतो. ईमेल जुन्या अकाउंटंटच्या पत्त्यावर गेलेला असतो. ज्या दिवशी आदेश सापडेल त्याच दिवशी त्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट, ईमेल आणि टपालाचे पाकीट जपून ठेवा. उशीर माफ करून घ्यायची वेळ आली तर हेच कागद कामाला येतात.

मुदत तीन महिने आहे, नव्वद दिवस नव्हे. १५ जानेवारीला कळलेल्या आदेशावर १५ एप्रिलपर्यंत अपील होते. पटण्याजोगे कारण दाखवले तर अपील अधिकारी आणखी एक महिना, म्हणजे १५ मेपर्यंत, उशीर माफ करू शकतो. त्यानंतर त्याच्या हातात काहीच उरत नाही. कायद्याने घातलेल्या या कमाल मर्यादेपलीकडे उशीर माफ करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने उत्पादन शुल्काच्या सिंग एंटरप्रायझेस प्रकरणात सांगून ठेवले आहे. आदेशात आकड्यांची चूक असेल तर कलम १६१ खाली दुरुस्तीचा अर्ज जरूर करा, पण त्याने अपिलाचे घड्याळ थांबते असे गृहीत धरू नका. दोन्ही वाटा एकदम चालू ठेवा.

या तीन महिन्यांच्या आत एक छोटी मुदत दडलेली आहे आणि ती तीस दिवसांची आहे. कलम ७४ मधला दंड पायऱ्यांनी वाढतो. नोटिशीआधी कर आणि व्याज भरले तर कराच्या १५ टक्के, नोटीस निघाल्यापासून तीस दिवसांत २५ टक्के, आदेश कळल्यापासून तीस दिवसांत ५० टक्के आणि त्यानंतर १०० टक्के. १२ लाख कराच्या आदेशात तिसावा दिवस उलटला की दंड ६ लाखांवरून १२ लाखांवर जातो. म्हणून लढायचे की मिटवायचे, याचा निर्णय पहिल्या तीन आठवड्यांत व्हायला हवा.

निर्णय घेताना स्वतःशी खोटे बोलू नका. कच्च्या चिठ्ठ्या, त्यांच्याशी तारखेनिशी जुळणारी रोकड आणि खरेदीदारांचे जबाब, असे तिन्ही एका रेषेत बसत असतील तर ‘हेतू नव्हता’ हे जीएसटी अपील न्यायाधिकरणात पटवणे अवघड आहे. अशा वेळी कर, व्याज आणि ५० टक्के दंड भरून मोकळे होणे हा भेकडपणा नाही, हिशेब आहे. एवढे लक्षात असू द्या की या मिटवण्याने कलम १३२ खालचा खटला टळत नाही. खटल्याची मर्यादा सर्वसाधारण करचुकवेगिरीत २ कोटींपुढे आणि मालाशिवाय बिल फाडण्याच्या प्रकरणात १ कोटीपुढे आहे. रक्कम त्या घरात असेल तर अपिलात काय मान्य करायचे हे फौजदारी वकिलाला दाखवल्याशिवाय लिहू नका.

हेतू कुणी सिद्ध करायचा आणि कशाने

कर बुडवण्याचा हेतू सिद्ध करण्याचा भार विभागावर आहे. उत्पादन शुल्क आणि सीमाशुल्काच्या काळापासून सर्वोच्च न्यायालयाची ही भूमिका आहे. कॉस्मिक डाय केमिकल आणि पुष्पम फार्मास्युटिकल्स हे १९९५ चे निकाल आणि युनिवर्थ टेक्स्टाइल्स हा २०१३ चा निकाल, तिन्ही आजही अपिलात चालतात. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानेही १३ डिसेंबर २०२३ च्या सूचना क्रमांक ०५/२०२३ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना बजावले आहे की केवळ कर भरला नाही एवढ्यावर कलम ७४ लावता येत नाही. फसवणूक, जाणूनबुजून केलेले चुकीचे कथन किंवा वस्तुस्थिती दडवणे याचा पुरावा हवा आणि तो नोटिशीतच हवा. ही सूचना अपिलाला जोडा. आदेश राज्याच्या अधिकाऱ्याचा असेल तर ती त्याच्यावर थेट बंधनकारक नाही, असे उत्तर येईल. त्याला प्रत्युत्तर एवढेच की दोन्ही कायद्यांतले कलम ७४ चे शब्द एकच आहेत.

आदेश वाचताना प्रत्येक रकमेपुढे एक प्रश्न लिहा: हा आकडा अधिकाऱ्याला कुठून मिळाला? जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरणपत्र) आणि जीएसटीआर-३बी (कर भरण्याचे विवरणपत्र) यांतली तफावत, ३बी आणि २ए (पुरवठादारांच्या विवरणपत्रांतून तयार होणारा तुमच्या खरेदीचा तक्ता) यांतली तफावत, ताळेबंदातली उलाढाल, असे उत्तर आले तर आकडा तुम्हीच दाखल केलेल्या किंवा पोर्टलवर आधीच असलेल्या कागदातून निघाला आहे. कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे दडवणे म्हणजे विवरणपत्रात किंवा इतर कागदात जे जाहीर करायला हवे ते न करणे. जीएसटीआर-१ मध्ये बिलनिहाय दाखवलेली विक्री दडवलेली कशी म्हणायची? तो कर भरायचा राहिला, हे कलम ७३ चे, म्हणजे हेतू नसताना कमी भरलेल्या कराचे, प्रकरण. विभागाच्या हिशेब तपासणीत तोच मुद्दा आधी निघाला असेल तर त्याचा अंतिम अहवाल, म्हणजे एडीटी-०२, जरूर लावा. जे विभागाला ठाऊक होते ते दडवले म्हणता येत नाही.

व्याख्येला मात्र दुसरी बाजू आहे आणि व्यापारी तिथेच अडकतो. अधिकाऱ्याने लेखी मागितलेली माहिती न देणे, हेही ‘दडवणे’च. तीन पत्रांना उत्तर दिले नाही आणि मग अपिलात ‘काहीच लपवले नाही’ म्हटले, तर विभागाचा प्रतिनिधी ती तीन पत्रे पुढे ठेवतो. पत्रांना दिलेली उत्तरे, पोहोच, ईमेल आणि मागितलेली मुदतवाढ यांचा तारीखवार तक्ता करून ठेवा. उत्तर गेलेच नसेल तर का नाही, ते अपिलात आपणहून लिहा. समोरच्याने काढल्यावर दिलेले स्पष्टीकरण कमी पटते.

हेतू कशातून दिसतो? समांतर वह्या, एकाच क्रमांकाची दोन बिले, संगणकातून पुसलेल्या नोंदी, घरच्या माणसाच्या खात्यावर घेतलेले क्यूआर कोडचे पैसे, बँकेतून भरलेली रक्कम दलालामार्फत रोखीत परत येणे. कराच्या दराबद्दलचा वाद, अर्थ लावण्यातला फरक, नफ्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी असणे यातून हेतू आपोआप निघत नाही. एका आदेशात दोन्ही प्रकारच्या रकमा एकत्र मळलेल्या असतात. त्या वेगळ्या करा. ४ लाखांच्या कच्च्या चिठ्ठ्यांमुळे ८ लाखांच्या २ए तफावतीला कलम ७४ लागत नाही.

कलम ७५(२): ठपका टिकला नाही की काय होते

नोटीस कलम ७४ ची होती पण फसवणूक सिद्ध झाली नाही, असे अपील अधिकारी, न्यायाधिकरण किंवा न्यायालय म्हणाले, तर नोटीस कलम ७३ खाली दिली होती असे समजून कर पुन्हा ठरवायचा, असे कलम ७५(२) सांगते. हे काम मूळ अधिकाऱ्याने दोन वर्षांत करायचे. इथे केंद्रीय मंडळाचे २७ डिसेंबर २०२२ चे परिपत्रक १८५ वाचा. मूळ नोटीस कलम ७३ च्या मुदतीत निघाली असेल तरच हे पुनर्निर्धारण होते. मुदत उलटून निघाली असेल तर सगळी कारवाईच सोडून द्यावी लागते.

आकड्यांत पाहू. आर्थिक वर्ष २०२०-२१ च्या वार्षिक विवरणपत्राची वाढीव तारीख २८ फेब्रुवारी २०२२ होती. कलम ७३ चा आदेश तिथून तीन वर्षांत आणि नोटीस त्याच्या तीन महिने आधी, म्हणजे नोव्हेंबर २०२४ अखेरपर्यंत निघायला हवी होती. कलम ७४ ला मात्र आदेशासाठी पाच वर्षे मिळतात. जुलै २०२५ मध्ये त्या वर्षाची कलम ७४ ची नोटीस आली असेल तर ती फक्त हेतूच्या आरोपावर उभी आहे. आरोप टिकला नाही तर दंड जातो, व्याज जाते आणि करही जातो. मुदत संपलेल्या वर्षांवर कलम ७४ का लावले जाते, ते यावरून उघड आहे.

२०१७-१८ ते २०१९-२० या वर्षांना आणखी एक लाभ आहे. कलम १२८अ च्या अभय योजनेत कर भरून व्याज आणि दंड माफ करून घेण्याची सर्वसाधारण मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली. पण कलम ७४ ची नोटीस अपिलात कलम ७३ मध्ये बदलली आणि अधिकाऱ्याने कर नव्याने ठरवला, तर त्या नव्या आदेशापासून सहा महिन्यांत कर भरणाऱ्याला ही माफी मिळते. म्हणून कर पूर्ण मान्य असला तरी ठपक्याविरुद्ध अपील करण्यात अर्थ असू शकतो.

अपील अधिकाऱ्याला प्रकरण फेरसुनावणीसाठी परत पाठवता येत नाही, पण कलम ७५(२) खालचा निष्कर्ष तो देऊ शकतो. तो मागावा लागतो. विनंतीच्या परिच्छेदात ‘फसवणूक, जाणूनबुजून चुकीचे कथन किंवा वस्तुस्थिती दडवणे सिद्ध होत नाही, असा स्पष्ट निष्कर्ष नोंदवावा’ हे वाक्य नसेल तर आदेशात ते येईलच असे नाही.

बोगस बिलांची प्रकरणे

महाराष्ट्रात भंगार, लोखंड, तांबे या मालाच्या व्यापाऱ्यांवर हा आरोप नेहमी होतो: पुरवठादार फक्त कागदावर होता, माल आलाच नाही, तरी क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) घेतले. व्हॅटच्या काळात हेच ‘हवाला’ म्हणून ओळखले जाई, आणि २०१२ च्या महालक्ष्मी कॉटन जिनिंगच्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने, कर तिजोरीत जमा झाला असेल तरच क्रेडिट, ही व्हॅट कायद्याची अट वैध ठरवली होती.

क्रेडिट खरे असल्याचे सिद्ध करण्याचा भार कलम १५५ प्रमाणे घेणाऱ्यावर आहे. बिल आणि बँकेतून दिलेले पैसे पुरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये इकॉम गिल कॉफी ट्रेडिंग प्रकरणात, ते व्हॅटचे असले तरी, पुरवठादाराचे नाव-पत्ता, गाडीचा तपशील, भाडे दिल्याचा पुरावा, माल पोहोचल्याची पावती हे सगळे लागते असे म्हटले. म्हणजे प्रत्येक खरेदी बिलामागे हा संच लावा: ई-वे बिल, ट्रान्सपोर्टरची बिल्टी, काटा पावती, गेटवरच्या नोंदवहीचे पान, हमालीचे व्हाउचर, साठा वहीतली आवक, आणि तोच माल पुढे कुणाला गेला ते विक्री बिल. यातली काटा पावती सगळ्यात बोलकी असते, कारण ती तिसऱ्या माणसाच्या यंत्रावर वेळेसह निघते. गाडीचा क्रमांक ई-वे बिलावर एक आणि काटा पावतीवर दुसरा असेल तर तो संच लावण्याआधी कारण शोधा. ट्रकच्या जागी दुचाकीचा क्रमांक निघाला की बाकीच्या शंभर बिलांवरही शंका येते.

पुरवठादाराची नोंदणी मागील तारखेपासून रद्द झाली, हा एकच आधार असेल तर बिलाच्या दिवशी तो पोर्टलवर सक्रिय होता, त्याने विवरणपत्र भरले होते आणि बिल तुमच्या २ए किंवा २बी मध्ये उतरले होते, हे दाखवा. पुरवठादाराकडे काहीच चौकशी न करता थेट खरेदीदाराला धरणे कोलकाता उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सनक्राफ्ट एनर्जी प्रकरणात अमान्य केले आहे.

इथे दोन भार वेगळे आहेत हे विसरू नका. माल आल्याचे तुम्हाला पूर्ण सिद्ध करता आले नाही तर क्रेडिट जाईल. पण तुम्ही पुरवठादाराच्या लबाडीत सामील होतात किंवा तुम्हाला ती ठाऊक होती, हे विभागालाच दाखवायचे आहे. क्रेडिटचा मुद्दा हरूनही हेतूचा मुद्दा जिंकता येतो.

माल न येता बिल घेतले आणि माल न देता पुढे बिल फाडले, असा आरोप असेल तर ६ जुलै २०२२ चे परिपत्रक १७१ पाहा. त्याप्रमाणे अशा व्यवहारात पुरवठाच झाला नाही, म्हणून कराची मागणी कलम ७३ किंवा ७४ खाली करता येत नाही. दंड कलम १२२ खाली होतो. कराची मागणी आणि कलम १२२ चा दंड दोन्ही एकाच व्यवहारावर लादलेले आदेश सापडतात. एकाच कृत्यासाठी दुहेरी दंडाला कलम ७५(१३) चीही आडकाठी आहे.

झडतीतले कागद, जबाब आणि साठा

नोटिशीत ज्यांचा आधार घेतला ते सगळे कागद मिळाले का, ते आधी तपासा. जप्त कागदांच्या प्रती घेण्याचा हक्क कलम ६७(५) देते, आणि ज्यांचा आधार घेतलेला नाही ते नोटिशीपासून तीस दिवसांत परत करायचे असतात. प्रती मागितल्याचे पत्र नसेल तर ‘कागद दिले नाहीत’ ही तक्रार अपिलात फारशी टिकत नाही.

मोबाइल आणि लॅपटॉपमधल्या फाइलींच्या छापील प्रतींना कलम १४५ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. ते नोटिशीसोबत आहे का, त्यात यंत्र कोणते, कुणाच्या ताब्यात होते, हे पाहा. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा गाजलेला निकाल जालन्याच्या निवडणुकीतून आलेला आहे. तो पुरावा कायद्यावरचा असला तरी युक्तिवादाला बळ देतो.

समन्सवर दिलेला जबाब दबावाखाली घेतला असेल तर तो मागे घेण्याचे पत्र काही दिवसांत गेले पाहिजे. वर्षाने, अपिलात पहिल्यांदा मागे घेतलेल्या जबाबाला कुणी किंमत देत नाही. दुसऱ्यांच्या जबाबांवर आदेश उभा असेल तर त्यांची उलटतपासणी मागा, तीही नोटिशीच्या उत्तरातच, नावे आणि विचारायचे मुद्दे देऊन. उलटतपासणी नाकारणे हा गंभीर दोष आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अंदमान टिंबर प्रकरणात म्हटले. मागितलीच नसेल तर नाकारली असे म्हणता येत नाही.

साठ्यातल्या तफावतीचे पंचनामे बारकाईने वाचा. पुष्कळदा साठा मोजलेलाच नसतो, सगळे अंदाजपंचे दाहोदरसे. लोखंडाच्या वखारीचे उदाहरण घ्या. १२ मिलिमीटरच्या सळईचे वजन मीटरला सुमारे ०.८८८ किलो धरतात, म्हणजे १२ मीटरची सळई १०.६६ किलो. थप्प्यांतल्या सळया मोजून या आकड्याने गुणले असेल तर ते सैद्धांतिक वजन झाले. भारतीय मानक १७८६ मध्ये या जाडीला ५ टक्के कमीजास्त चालते. १०० टनांच्या साठ्यात ४ टनांची तूट दाखवून विक्री दडवली म्हणणारा आदेश त्या सवलतीच्या आतच असू शकतो. वजनकाटा वापरला का, किती वेळात किती माल मोजला, पंच कोण होते, हे मुद्दे पंचनाम्यातूनच काढायचे.

अपिलाचे आधार लिहिताना

वस्तुस्थितीचा भाग कोरडा, तारखांनी भरलेला असावा. चीड त्यात नको. आधारांचा क्रम असा ठेवल्यास वाचणाऱ्याला सोपे जाते: मुदत, कलम ७४ चे घटक नोटिशीत नसणे, कागद आणि उलटतपासणी नाकारणे, नोटिशीबाहेरच्या मुद्द्यावर मागणी, मग रकमेनिहाय गुणवत्ता, आकडेमोड आणि शेवटी व्याज व दंड. नोटिशीत नसलेल्या कारणावर किंवा नोटिशीपेक्षा जास्त मागणी करायला कलम ७५(७) मनाई करते. नोटीस आणि आदेश शेजारी ठेवून वाचा. नोटिशीत ‘२ए मध्ये बिल नाही’ आणि आदेशात ‘पुरवठादार बोगस’, असा बदल झालेला आढळतो.

अनेक वर्षांची एकच नोटीस असेल तर तो आधारही घ्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२५ मध्ये अशी नोटीस अमान्य केली, तर दिल्ली उच्च न्यायालयाचा कल उलट आहे. त्यावर सगळा डाव लावू नये.

आकडेमोडीचा आधार बहुतेक जण सोडून देतात. दडवलेल्या विक्रीची रोकड ५९ लाख धरली आणि दर १८ टक्के असेल, तर आदेशात कर १०.६२ लाख लावलेला असतो. नियम ३५ प्रमाणे किमतीत कर धरलेला असेल तर ५९ गुणिले १८ भागिले ११८, म्हणजे ९ लाख. १.६२ लाखांचा कर आणि त्यावरचा तेवढाच दंड एका भागाकाराने कमी होतो. विभाग याला विरोध करतो, म्हणून किंमत करासह ठरल्याचे दाखवणारे कागद जोडा.

एखादी रक्कम मान्य करायची असेल तर स्पष्ट लिहा की कर मान्य आहे, कलम ७४ चा आरोप अमान्य आहे. नुसते ‘मान्य’ लिहिले की ते दोन्हीला लागू होते.

फॉर्म आणि भरणा

पहिले अपील पोर्टलवर एपीएल-०१ मध्ये. मान्य रक्कम व्याज-दंडासह पूर्ण, आणि वादातल्या कराच्या १० टक्के आधी भरायचे. दहा टक्के फक्त करावर, व्याज-दंडावर नाही. १२ लाखांपैकी २ लाख मान्य असतील तर ते २ लाख त्यांच्या व्याजासह, वर उरलेल्या १० लाखांचे १ लाख. एवढे भरले की बाकीची वसुली कायद्यानेच थांबते, वेगळी स्थगिती मागावी लागत नाही. आदेश फक्त दंडाचा असेल तर १ ऑक्टोबर २०२५ पासून दंडाच्या १० टक्के भरावे लागतात.

झडतीच्या दिवशी डीआरसी-०३ या आपणहून कर भरण्याच्या फॉर्मने भरलेली रक्कम मागणीला आपोआप जोडली जात नाही. डीआरसी-०३अ भरून ती त्या आदेशाच्या मागणीशी जोडा, नाहीतर भरलेले पैसे पोर्टलला दिसत नाहीत आणि वसुलीचे पत्र येते. क्रेडिट लेजरमधून, म्हणजे पोर्टलवर जमा असलेल्या क्रेडिटच्या खात्यातून, हे १० टक्के भरता येतात, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ओअ‍ॅसिस रिअल्टी प्रकरणात मान्य केले आहे.

नवे कागद पहिल्यांदा अपिलात द्यायचे असतील तर नियम ११२ आडवा येतो. अधिकाऱ्याने ते घेण्यास नकार दिला, पुरेशा कारणाने तेव्हा देता आले नाहीत, किंवा संधीच मिळाली नाही, यापैकी काहीतरी दाखवून वेगळा अर्ज करावा लागतो. नुसते परिशिष्टात घुसवलेले कागद बाजूला ठेवले जातात.

सुनावणीत जास्तीत जास्त तीन वेळा तारीख वाढवून मिळते. लेखी युक्तिवाद त्याच दिवशी द्या आणि पोहोच घ्या. तोंडी मांडलेला मुद्दा आदेशात आला नाही तर तो मांडला होता हे दाखवायला दुसरे काही नसते.

जीएसटी अपील न्यायाधिकरण

न्यायाधिकरणाचे उद्घाटन २४ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. तिथले अपील एपीएल-०५ मध्ये, न्यायाधिकरणाच्या स्वतंत्र ई-फायलिंग पोर्टलवर. मुदत तीन महिने, आणि उशीर माफ होण्याची मर्यादा आणखी तीन महिने. १ एप्रिल २०२६ पूर्वी कळलेल्या आदेशांसाठी १७ सप्टेंबर २०२५ च्या अधिसूचनेने ३० जून २०२६ ही तारीख दिली. अपील भरण्यापूर्वी त्या पोर्टलवरची ताजी सूचना पाहून घ्या. वादातल्या कराच्या आणखी १० टक्के भरावे लागतात, म्हणजे दोन्ही टप्पे मिळून २० टक्के. फी दर लाखाला १,००० रुपये, किमान ५,००० आणि कमाल २५,०००.

५० लाखांपर्यंतचे आणि कायद्याचा प्रश्न नसलेले अपील एका सदस्यापुढे चालू शकते. बाकीची न्यायिक आणि तांत्रिक सदस्यांच्या पीठापुढे. वकील, सीए, कॉस्ट अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी, जीएसटी प्रॅक्टिशनर, नातेवाईक किंवा नियमित कर्मचारी बाजू मांडू शकतो.

वस्तुस्थितीचा शेवटचा निवाडा इथेच होतो. पुढे कलम ११७ खाली १८० दिवसांत उच्च न्यायालयात जाता येते, पण केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर. काटा पावतीवर गाडीचा क्रमांक खरा होता का, हे उच्च न्यायालय पाहत नाही. म्हणून कागदांची संचिका इथे नीट लागते: अनुक्रमणिका, सलग पानक्रमांक, तारखांची यादी, दोन-तीन पानी सारांश. मराठी जबाब, गुजराती वही, मोडीवजा आकड्यांच्या चिठ्ठ्या यांचे इंग्रजी भाषांतर जोडा आणि भाषांतरावर मूळ पानाचा क्रमांक द्या. हेतूचा आरोप ज्या चिठ्ठीवर आहे तिचे भाषांतर विभागाने चुकीचे केले असेल, तर ते दाखवण्याची हीच जागा.

पहिल्या अपिलात दंड गेला पण कर राहिला, आणि विभाग दंडासाठी न्यायाधिकरणात गेला, तर नोटीस मिळाल्यापासून ४५ दिवसांत एपीएल-०६ मध्ये प्रतिआक्षेप दाखल करा. बरेच व्यापारी ‘अपील त्यांचे आहे’ म्हणून गप्प बसतात आणि करावरचा आपला मुद्दा हातचा घालवतात. केंद्रीय विभाग २० लाखांपर्यंतच्या प्रकरणात सहसा न्यायाधिकरणात जात नाही, तशी मर्यादा २०२४ च्या परिपत्रकाने घातली आहे.

वह्या आणि बिले एरवी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवायची. अपील चालू असेल तर निकालानंतर एक वर्ष किंवा ते ७२ महिने, यातले जे नंतर संपते तोवर. जिंकल्यावर भरलेले १० किंवा २० टक्के आपोआप खात्यात येत नाहीत. आदेश कळल्यापासून दोन वर्षांत आरएफडी-०१ भरून परतावा मागायचा. कलम ११५ प्रमाणे त्यावर भरल्याच्या दिवसापासून व्याज मिळते, म्हणून अर्जात भरण्याची तारीख आणि चलनाचा क्रमांक लिहून व्याज वेगळे मागा.